हंबीररावाच्या मोटारीची चौतोंडी

मित्रांनो, धुराला घर नसतं, नुसती वाट असते. मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर होतो, आणि तो धूर जिच्यातून बाहेर पळतो ती वाट म्हणजे मी. मी एक जुनी, चार तोंडांची लोखंडी नळी आहे. चार तोंडं इंजिनाला चिकटायची आणि चौघांचं मिळून मागं एकच शेपूट. गावातल्या धोंडुबाईनं माझं नाव ठेवलं चौतोंडी. नाव ठेवताना तिनं नाक मुरडलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

हल्ली मी केरबा लोहाराच्या भट्टीमागं खुंटीला टांगलेली असते. विळ्याला धार लावून घ्यायला तुम्ही पोरं येता, मला बोटानं ढोसता आणि विचारता, ही काय हत्तीची सोंड आहे का? मग ऐका. मी सांगते त्यातलं काही खरं आहे आणि काही त्याहूनही खरं आहे.

माझा जन्म झाला तो हंबीररावाच्या कानांसाठी.

हंबीरराव कृष्णाकाठचा गडी. लढाईवर जायच्या आधी त्याची स्वतःची मोटार होती. कापडी टपाची, पुढं दोन डोळ्यांसारखे दिवे आणि रबरी फुग्याचा भोंगा. कराड ते तासगाव रस्त्यावर तो भाडी करायचा. मोटार अशी चालवायचा की मागं बसलेल्या बाईच्या हातातल्या वाटीतलं दूध हलायचं नाही. हे मी पाहिलेलं नाही, पण दुधानं सांगितलंय.

पुढं तो पलटणीत ड्रायव्हर झाला आणि दूर वाळवंटात गेला. तिथं त्याच्या लॉरीशेजारी बाँब पडला. हात शाबूत, पाय शाबूत, डोळे शाबूत. कान मात्र तिथंच राहिले. उजवा पार गेला. डाव्यात थोडी धुगधुगी होती. ढोलाचा, ढगांचा जाड आवाज तेवढा आत शिरायचा. माणसांचं बोलणं नाही.

लढाई संपली आणि तो घरी आला. त्याची बायको लीलाबाई. तिनं पाच वर्षं मोटारीवर कडबा रचून ती जपली होती. कोंबड्यांनी मात्र आत संसार मांडला होता. हंबीररावानं कोंबड्या हाकलल्या, मोटार पुसली आणि पहिल्याच बाजारच्या दिवशी पाच माणसं घेऊन निघाला.

आता गेर बदलायचा तर ड्रायव्हर काय करतो? त्या काळच्या मोटारींत इंजिनाचा आवाज ऐकूनच गेर टाकावा लागायचा. आवाज चढला की वरचा, आवाज दमला की खालचा. वेळ चुकली की आतले दात एकमेकांवर खरडतात. हंबीररावाला आवाजच येत नव्हता. पहिल्याच चढाला गेर पडेना, मोटार उलटी मागं घरंगळली आणि पाचही माणसांनी उड्या टाकल्या. त्यातली एक बाई निवडुंगात बसली. ती काटे काढत म्हणाली, "बहिऱ्याच्या गाडीत पुन्यांदा बसंन, तर नावाची न्हाई!"

माणसं उतरली ती उतरलीच. त्या दिवसापासून हंबीररावाच्या गाडीत कुणी बसेना. तो रोज मोटार पुसायचा, पुसून दारात उभी करायचा आणि बाजूला बसून राहायचा. आणि त्याला एक खोड लागली. समोरचा काहीही बोलला की तो मान हलवून म्हणायचा, "व्हय, व्हय." ऐकू आलं नाही हे कळू नये म्हणून. धोंडुबाई म्हणजे त्याची आत्या. तिनं एकदा विचारलं, "हंबीऱ्या, आज मी तुझ्या डोक्यावर मिरच्या वाटू का रं?" हा म्हणाला, "व्हय, व्हय." सगळे हसले. लीलाबाई हसली नाही.

आणि एक दिवस हंबीररावाला माझी आठवण झाली. म्हणजे माझ्यासारखीची. बाँब पडल्यावर काही महिने त्याला पलटणीच्या कारखान्यात बसवून ठेवलं होतं. तिथं एका गोऱ्या साहेबाची शर्यतीची मोटार यायची. आपल्या साध्या मोटारीत इंजिनाचा धूर बिडाच्या एका जाड नळीत कोंबलेला असतो, आणि पुढं आवाज गिळणारा पत्र्याचा डबा असतो. साहेबानं ते सगळं काढून प्रत्येक भोकाला वेगळा पाइप लावला होता. ती मोटार चालू झाली तेव्हा हंबीररावाच्या छातीत धडधडलं आणि डाव्या कानात, किती दिवसांनी, इंजिन बोललं.

तो उठला तो थेट केरबाकडं गेला आणि कोळशानं भिंतीवर चार नळ्या काढल्या.

केरबा साठीचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा दहा गावांत नव्हता. त्यानं चित्राकडं मान तिरकी करून बघितलं. "ह्ये काय, रावनाची आतडी?"

हंबीरराव म्हणाला, "व्हय, व्हय."

"मंग करू की," केरबा म्हणाला.

मित्रांनो, मी एका आईची लेक नाही, चौघींची आहे. माझा एक पाइप विहिरीच्या पंपाचा. तो म्हणायचा, मी अर्धी कृष्णा प्यालोय. दुसरा मोडीत निघालेल्या लॉरीचा. तिसरा कुण्या साहेबाच्या पलंगाचा पाय. त्याला अजून घोरायची सवय होती. चौथा तमाशाच्या तंबूचा खांब होता आणि तो काहीही झालं तरी ठेका धरायचा. अशी चार घरची चार, आणि एका इंजिनाशी सोयरीक.

पाइप नुसता वाकवला तर मधेच चेपतो. म्हणून पोटात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडाच्या मेखा मारून बंद करायची, आणि भट्टीत लाल करून हळूहळू वळवायचा. वाळू कोरडीच हवी. धोंडुबाईनं मदत म्हणून नदीची एक पाटी आणून टाकली, ती ओली निघाली. पाइप तापला, आत वाफ कोंडली आणि एक मेख अशी सुटली म्हणता! धोंडुबाई सांगते, ती मेख कृष्णेच्या पलीकडं जाऊन पडली. मी सांगते, ती अजून पडलेलीच नाही.

वळवून झाल्यावर केरबानं टाकणखार टाकून पितळ वितळवलं आणि त्या डाखानं आम्हा चौघांना मागं एकत्र जोडलं. पुढच्या चार तोंडांना मिळून एक जाड लोखंडी पट्टी. त्या पट्टीला आठ भोकं. इंजिनातून आठ बोल्ट बाहेर आलेले असतात, त्यांवर ही भोकं बसवायची आणि वरून नट पिळायचे. साधं काम. पण केरबानं आपल्या आयुष्यातली सगळी अक्कल त्या कामात ओतली, आणि तिथंच घात झाला.

चाकाला धाव कशी चढवतात, तुम्ही बघितलंय ना? धाव चाकापेक्षा जराशी लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल केली की ती फुगते. तशीच चाकावर घालतात आणि वरून पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि चाकाला अशी मिठी मारतं की सात पावसाळे सुटत नाही. केरबाच्या मनानं घेतलं, मोटारीचं तरी वेगळं काय? त्यानं भोकांमधलं अंतर ज्वारीच्या दाण्याएवढं कमी धरलं.

बसवायच्या दिवशी हंबीररावाच्या दारात जत्रा. पेट्रोल आधीच काढून लांब ठेवलं होतं, तेवढं शहाणपण होतं. दोन दिवस रॉकेल घालून मुरवलेले जुने नट सुटले, बिडाची नळी खाली आली. केरबानं माझी पट्टी जाळात घातली आणि जाळाकडं तोंड करूनच म्हणाला, "हंबीरराव, धाव बसवतो तशी गरमच बसवतो. वर पानी वततो. हाललीच तर नाव बदलीन."

हंबीरराव त्याच्या पाठीकडं बघत म्हणाला, "व्हय, व्हय."

लाल पट्टी बोल्टांवर बसली. मला वाटलं, अरे वा, काय आरामशीर! केरबानं भराभर नट पिळले आणि कळशी उपडी केली.

वाफेचा लोट उठला. मी आकसले. मला आकसायचं नव्हतं हो, पण लोखंडाला पाणी पडल्यावर दुसरं काही सुचत नाही. मी बोल्टांना ओढलं, बोल्टांनी मला ओढलं. आणि टाक्! टाक्! दोन बोल्ट मोडून मुळापासून इंजिनातच राहिले. माझी पट्टी केळीच्या पानासारखी वाकली आणि पितळेचा डाख तडकला.

सगळ्यांनी वाकून इंजिनात डोकावलं. शेवटी धोंडुबाई म्हणाली, "केरबा, आता नाव काय ठिवायचं तुजं?"

पण तिलाही पुढं हसू आलं नाही, कारण हंबीरराव पांढराफटक पडला होता. तो ओरडला. बहिरं माणूस ओरडतं तेव्हा त्याला स्वतःला किती जोरात ते कळत नाही. "कुनी सांगितलं हुतं गरम बसवायला? इंजिन ग्येलं माजं! कुनी सांगितलं?"

केरबा म्हणाला, "तुमीच म्हनला की व्हय!"

"मी? मी कवा म्हनलो?"

"आत्ता म्हनला. समद्यांनी ऐकलं."

हंबीररावानं सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं. ओठ हलताना दिसत होते, त्यांतून काही निघत नव्हतं. आणि त्यानं पुन्हा मान हलवायला सुरुवात केली. हळूहळू. "व्हय... व्हय..."

तेव्हा लीलाबाई पुढं झाली. पदर डोक्यावर घट्ट ओढून, खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "केरबातात्या, त्यांनी ऐकलंच न्हाई. ते समद्यालाच व्हय म्हंत्यात. इचारलं तरी व्हय, शिव्या दिल्या तरी व्हय. आपुन समद्यांनी त्यांची चेष्टा केली. समोर येऊन कुनी बोललं न्हाई."



केरबा उठला. हंबीररावाच्या समोर गेला, उकिडवा बसला, खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि तोंड मोठं उघडून, एक एक शब्द वेगळा करून म्हणाला, "चुकी. माजी. हाय. दुरुस. मीच. करनार." हंबीररावानं ओठ वाचले. या खेपेला तो 'व्हय' म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "किती दिस लागतील?"

लागले अकरा. मोडलेला बोल्ट इंजिनाच्या पोटातून काढणं म्हणजे दाढेत अडकलेला काटा काढण्यासारखं. केरबानं सुताराचा सामता, म्हणजे भोक पाडायचं गिरमिट, आणला, दोरीनं मागं पुढं फिरवून बोल्टाच्या मधोमध बारीक भोक पाडलं, त्यात चौकोनी मेख ठोकली आणि कृष्णेचं नाव घेत उलटी पिळली. पहिला बोल्ट तीन दिवसांनी आला. दुसरा पाचव्या दिवशी. मग नवे बोल्ट बसले. माझी पट्टी ठोकून सरळ झाली, तडकलेला डाख पुन्हा दिला गेला आणि भोकं कानशीनं लांबोळी झाली. केरबा माझ्याशी बोलत बोलत घासायचा. "तापल्यावर तुला पाय पसराया जागा पायजे व्हती गं बाई. चाकाची गोष्ट येगळी, तुजी येगळी. चाळीस वरसं एकच काम केलं, तर वाटतं जगात तेवढंच काम हाय."

नळी आणि इंजिन यांच्यामधून धूर फुसफुसू नये म्हणून मऊ तांब्याच्या चकत्या लागतात. त्यासाठी लीलाबाईनं आपला गळका हंडा काढून दिला. आणि अकरा दिवस केरबा काहीही सांगायचं झालं की आधी हंबीररावाच्या खांद्यावर टकटक करायचा, मग समोर येऊन बोलायचा. आपल्या बाजूनं हंबीरराव 'ऐकू आलं न्हाई' म्हणायला शिकत होता की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

बाराव्या दिवशी मला थंडच बसवलं. नट एकदम न पिळता, आधी मधले, मग कडेचे, थोडे थोडे. हंबीररावानं पुढचं हँडल मारलं.

आता मी बोलले. काय बोलले म्हणता! गावातले कावळे उडाले ते औंधच्या डोंगरावर जाऊन बसले. कराडच्या संगमात कोयना दचकून अंमळ मागं सरली. धोंडुबाईचा कवळीतला दात पडला, तो तिला अजून सापडला नाही. (तिला कवळी नव्हती म्हणतात. आवाज ऐकून आली असेल.)

पण हंबीररावाच्या तोंडाकडं बघायला हवं होतं तुम्ही. त्यानं मान डावीकडं कलती केली. डोळे मिटले. बोटांनी ठेका धरला, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. "तिसरा जरा दमतुया," तो म्हणाला. पलंगाचा पाय होता तो, घोरणारा. मग हंबीररावानं डोळे उघडले आणि लीलाबाईला म्हणाला, "अगं, बोलतीया! इंजिन बोलतंय माज्यासंगं!"

आता गेर लोण्यातल्या सुरीसारखे पडायला लागले. तरी महिनाभर माणसं बिचकत होती. पहिली बसली ती धोंडुबाई. "मराया मी टेकलेच हाय, माजं काय जातंय," असं म्हणून बसली आणि तासगावात उतरून म्हणाली, "हंबीऱ्यानं नेलं न्हाई मला, वाऱ्यानं नेलं." मग बाकीची आली. दोन वर्षं मी राबले. पेट्रोल सरकारी चिठ्ठीवर मोजून मिळायचं, रस्ते खडीचे, पण आमची गाडी भरून जायची. मी लाल व्हायचे, काळी व्हायचे, पुन्हा लाल व्हायचे. पोरं लांबूनच ओरडायची, "आली रं आली, चौतोंडी आली!" मी फुगले होते. मला वाटायचं, हंबीररावाचे कान म्हणजे मीच.

मित्रांनो, आता जे सांगायचं त्यात गप्पा नाहीत.

आकाराम नावाचा शेतकरी हळदीची पोती भरून बैलगाडी घेऊन सांगलीला निघाला होता. वळणावर आम्ही समोरून आलो. मी चढाला जीव लावून गर्जत होते. त्याचे बैल उधळले. गाडी ओढ्यात उलटली. हळदीनं ओढा पिवळा झाला. एका बैलाचं शिंग मोडलं, आकारामाचा हात मोडला.

हंबीररावानं गाडी थांबवली, ओढ्यात उडी मारली, आकारामाला वर काढलं. आकारामानं त्याचा हात झिडकारला. तो समोरून बोलला, म्हणून हंबीररावाला शब्दन् शब्द कळला. "तुला ऐकू यावं म्हनून समद्या मुलखानं कान झाकून बसायचं का रं? म्हशी आटल्या, बैल बुजाय लागलं. तुला सांगायची कुनाला छाती झाली न्हाई. लढाईवरनं आलेला मानूस म्हनून गप बसलो समदे."

त्या दिवशी हंबीररावानं मोटार दारात आणून उभी केली आणि दोन आठवडे हँडलला हात लावला नाही. केरबानं माझ्या शेपटाला आवाज गिळणारा डबा लावून बघितला. मी गप्प झाले, पण हंबीररावालाही मी ऐकू येईना. डबा काढला. आता दोनच वाटा होत्या. मला ठेवलं तर मुलखाला त्रास, मला काढलं तर हंबीररावाची गाडी कायमची बंद. त्यानं पुन्हा पुसणं सुरू केलं. रोज पुसायचा आणि बाजूला बसायचा.

एक दिवस लीलाबाई जात्यावर दळत होती. जात्यातले दाणे सरत आले की त्याचा आवाज बदलतो. बाई बघत नाही, हात आपोआप नवी मूठ टाकतो. तिचा हात मूठ टाकता टाकता थांबला. ती उठली, पीठ झटकलं, बाहेर आली, हंबीररावाच्या खांद्यावर टकटक केलं आणि समोर उभी राहिली.

"ही चौतोंडी काढा. जुनी बिडाची नळी लावा."

"मंग मी गाडी चालवू कशानं?"

"माज्या कानानं."

हंबीररावानं हातातलं पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"मी मागं बसते, तुमच्या खांद्यावर हात ठिऊन. इंजिन चढलं की एकदा दाबीन, दमलं की दोनदा. मागनं कुनी आलं की तीनदा. दळताना जातं कवा रितं झालं ते मला कळतं, मंग हे न कळाया काय झालं?"

"लोक काय म्हंतील? बाईमानूस नवऱ्याच्या खांद्यावर हात ठिऊन, भर रस्त्यात?"

ओट्यावरून धोंडुबाई ओरडली, "म्हंतील! मी पैली म्हनीन! मला म्हनायला तरी द्या, म्हातारपनी दुसरं काय हाय?"

हंबीररावाला ते ऐकू गेलं नाही. पण लीलाबाई हसायला लागली, आणि तिला हसताना बघून तोही हसला.

मला काढलं ते हंबीररावानंच. आठही नट हातानं सोडले, चकत्या पुसून ठेवल्या, माझ्यावरून एकदा तळवा फिरवला. वाईट वाटलं का? वाटलं हो. दोन वर्षं मी ज्याचे कान होते, त्याचं ऐकायचं काम एका बाईच्या पाच बोटांनी उरकलं. पाच बोटं, त्यांना ना तापायला लागतं, ना आकसायला.

पहिले काही दिवस दोघं गावाबाहेरच्या माळावर शिकले. एक दाब, वरचा गेर. दोन दाब, खालचा. सुरुवातीला गेर खरडले, लीलाबाई रडकुंडीला आली, हंबीरराव चिडला. आठव्या दिवशी वाटीत दूध घेऊन धोंडुबाई मागं बसली. दूध सांडलं, पण अर्धंच.

मग परत येताना केरबाकडं पोचवायला म्हणून मला मोटारीच्या मागच्या फळीला दोरीनं बांधलं, आणि त्याच फेरीत ते पहिल्यांदा कराडच्या बाजारात गेले. बाजारात माणसांचा गराडा पडला. बाई मागं, हात खांद्यावर; बघायला कोण नाही येणार? गर्दीत आकारामही होता. हात झोळीत बांधलेला. हाडवैद्याकडं जायला त्याला तासगावला पोचायचं होतं आणि दुसरी मोटार नव्हती. राग तर गेला नव्हता. तो तोंड दुसरीकडं करून काहीतरी पुटपुटला.

हंबीररावानं त्याचा गाल हलताना बघितला. मला वाटलं, आता हा मान हलवणार. त्याची मान हललीसुद्धा, जराशी. लीलाबाईचे ओठ उघडले, काय बोलणं झालं ते सांगायला. पण हंबीररावानं हात वर करून तिला थांबवलं. तो खाली उतरला, चालत गेला आणि आकारामाच्या पुढं जाऊन उभा राहिला. सगळा बाजार ऐकत होता.

"आकाराम, मला ऐकू येत न्हाई. तू बोललेलं मला समजलं न्हाई. माज्याकडं बगून पुन्यांदा बोल."

आकाराम गडबडला. त्यानं हंबीररावाच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग सावकाश, एक एक शब्द वेगळा करून म्हणाला, "तासगावला. न्येतोस. का. रं?"

"न्येतो की. म्होरं बस. हात हापटंल न्हाईतर."

मित्रांनो, तुमच्याही ओळखीचं कुणी असेल, जे तुमच्या प्रत्येक बोलण्याला नुसती मान हलवतं. त्याला हसू नका. त्याच्यासाठी ओरडूही नका. ओरडण्यात काय होतं ते माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक? त्याच्या पुढं जाऊन उभे राहा, तोंड दिसेल असे, आणि पुन्हा सांगा. कितीदाही सांगावं लागलं तरी सांगा.

मोटार निघाली. मागच्या फळीवर मी आडवी पडले होते, थंड, गप्प. आकाराम म्हणत होता की बैलाच्या मोडल्या शिंगाची जखम भरत आलीय. लीलाबाई हळदीबद्दल काही विचारत होती. रस्त्याकडंला कुणीतरी मेंढरांना हाका मारत होतं. आयुष्यभर मी एवढं बोलले, एवढं बोलले, की माणसं बोलतात कशी, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.